बियाणे नव्हे, बेणे

कॅपाफायकस अल्वारेझी हे एका लाल समुद्रशैवालाचे नाव. शास्त्रीय नावे पाठ करण्याचा विद्यार्थ्यांना कंटाळा येतो. पण या नावात थोडा इतिहास आहे. 'कॅपा' आले ते या शैवालातून मिळणाऱ्या कॅपा कॅराजीननवरून. हा पदार्थ दुधा-पाण्याला दाटपणा आणतो, म्हणून तो आइसक्रीममध्ये घालतात. 'अल्वारेझी' आले ते फिलिपिन्समध्ये या शैवालाच्या शेतीसाठी खपलेल्या व्हिसेंते अल्वारेझ यांच्यावरून.

1960 च्या दशकात कारखान्यांची मागणी वाढली, तेव्हा किनाऱ्यावरचे लोक खडकांवर आपोआप वाढलेले शैवाल ओरबाडून विकत. साहजिकच ते विरळ होत गेले. हवाई विद्यापीठातील शैवालतज्ज्ञ मॅक्सवेल डॉटी यांनी मग फिलिपिन्समधील सहकाऱ्यांसह लागवडीचे प्रयोग केले आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ते यशस्वी झाले.

पद्धत अगदी साधी. उथळ समुद्रात खुंट्या ठोकायच्या, त्यांना दोरी ताणायची आणि दोरीला शैवालाचे लहान तुकडे बांधायचे. दीड-दोन महिन्यांत तुकडा कित्येक पट वाढतो. बराचसा वाळवून विकायचा, थोडा पुन्हा बांधायचा. जमीन नको, खत नको; ओहोटीला चालत जाऊन काम उरकते. त्यामुळेच ही शेती गरीब कुटुंबांच्या हाती राहिली आणि इंडोनेशियापर्यंत पसरली. 1989 मध्ये ती झांजिबारला पोहोचली. तिथे ती मुख्यतः बायकांनी केली. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने हे शैवाल रुजवले आणि 2000 नंतर तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात बांबूच्या तराफ्यांवर त्याची शेती सुरू झाली.

आता उसाचा विचार करू. आपला शेतकरी उसाचे बी पेरत नाही, कांडी लावतो. म्हणजे सारे शेत एकाच वाणाची नक्कल असते. शैवालाचेही तसेच. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए-अभ्यासात दूरदूरच्या समुद्रांतील लागवडीचे कॅपाफायकस जवळजवळ एकसारखेच आढळले. बेण्याने शेती स्वस्त केली खरी, पण वैविध्य संपवले. पाणी तापले की फांद्या पांढऱ्याफटक पडून तुटतात. या रोगाला 'आइस-आइस' म्हणतात. एक नक्कल ज्याला बळी पडते, त्याला सगळ्याच पडतात. तमिळनाडूत 2013 च्या सुमारास पीक मोठ्या प्रमाणावर मेले. शिवाय, परक्या समुद्रातून आणलेले बेणे दोरीवरच राहते असेही नाही: मन्नारच्या आखातातील कुरुसडई बेटाजवळ ते प्रवाळांवर पसरल्याची नोंद 2008 मध्ये झाली. आमच्या मते ही बाजू पाठ्यपुस्तकातही यायला हवी.

झांजिबारमध्ये कॅपाफायकस मरू लागल्यावर बायका युकेमा या दुसऱ्या शैवालाकडे वळल्या. ते तगते, पण त्याला भाव कमी मिळतो. चांगल्या भावाचे पीक हवे असेल, तर खोल, थंड पाण्यात जावे लागते. त्यासाठी होडी हवी आणि पोहता यायला हवे. चालत जाऊन शेती करणाऱ्या अनेकींना पोहता येत नव्हते. काहींनी त्यासाठी पोहण्याचे धडे घेतले.