पापनिवेदन

केलेले पाप देवासमोर व दुसऱ्या माणसासमोर स्पष्ट सांगून क्षमा मागण्याचा ख्रिस्ती आचार. कॅथलिक पंथात तो सात संस्कारांपैकी एक असून तेथे ऐकणारा धर्मगुरू असतो. प्रॉटेस्टंटांत त्याला सहसा संस्काराचा दर्जा नाही. योहानकृत शुभवर्तमान (२०:२३) आणि याकोबाचे पत्र (५:१६) हे त्याचे शास्त्राधार. गोव्याच्या कोकणीत यालाच कुमसार म्हणतात.

पापाची गंभीर दखल घ्यायची म्हणजे नेमके काय करायचे, याची वेगवेगळी उत्तरे या आचाराच्या इतिहासात सापडतात. पहिल्या शतकांत मूर्तिपूजा, मनुष्यवध, व्यभिचार अशा पातकांचे प्रायश्चित्त चारचौघांत होई आणि बाप्तिस्म्यानंतर ते आयुष्यात एकदाच मिळे. थेस्सलोनिका येथील कत्तलीबद्दल (३९०) मिलानचे बिशप अँब्रोज यांनी खुद्द सम्राट थिओडोशियसला प्रायश्चित्त घ्यायला लावले. शिस्त करडी खरी. पण ती टाळायला लोक प्रायश्चित्त मरणशय्येपर्यंत लांबवू लागले, काहीजण तर बाप्तिस्माच लांबवीत. सम्राट कॉन्स्टंटाइनचा बाप्तिस्मा शेवटच्या आजारात, ३३७ मध्ये झाला. दंड जबर केल्याने पापाची धास्ती वाढली, पाप सोडण्याची घाई मात्र वाढली नाही.

कोंडी फोडली ती आयर्लंडच्या मठवासीयांनी. त्यांच्या रीतीत निवेदन खासगी होते आणि हवे तितक्या वेळा करता येई. कोलंबानुस (मृत्यू ६१५) व त्याचे सहकारी ही रीत युरोपात घेऊन गेले. कोणत्या पापाला किती दिवस भाकरी-पाण्यावर राहायचे, हे प्रायश्चित्त-ग्रंथांत लिहिलेले असे. यातूनच पुढे उपवासाऐवजी पैसे देण्याच्या सवलती आल्या, आणि पापाला दरपत्रक लागले.

१२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा निवेदन सक्तीचे केले व ऐकलेले उघड करणाऱ्या धर्मगुरूला कडक शिक्षा ठरवली. ट्रेंटच्या परिषदेने (१५५१) प्राणघातक पापे प्रकार व संख्येसह सांगण्याचा दंडक घातला. ट्रेंटच्या आधीपासूनच चालत आलेल्या या मोजणीने सूक्ष्म आत्मपरीक्षणाची सवय लागली, तसे दोन रोगही जडले. पहिला, अतिशंकेचा: जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ च्या सुमारास मान्रेसा येथे तीच ती पापे पुन्हा पुन्हा सांगत राहिला, आत्महत्येच्या विचारापर्यंत पोचला. दुसरा, पळवाटांचा: पाप हलके ठरवणाऱ्या युक्तिवादांवर पास्कालने १६५६-५७ च्या पत्रांतून कोरडे ओढले, आणि ते ओढले लोयोलाच्याच संघावर. दोन्ही रोगांत पाप्याचे लक्ष पापावरून हिशेबावर जाते.

मार्टिन ल्यूथरचा रोख वेगळा होता. १५१७ च्या प्रबंधांतील पहिलाच सांगतो की श्रद्धावंताचे सबंध आयुष्य पश्चात्तापाचे असावे. त्याने निवेदन मोडीत काढले ही समजूत चुकीची आहे; सक्ती आणि संपूर्ण यादीचा आग्रह त्याने सोडला, खासगी निवेदन राखले. इंग्लंडात जॉन वेस्लीने १७३८ मध्ये लहान गटांसाठी नियम केले. मागच्या बैठकीनंतर जाणूनबुजून कोणते पाप घडले, हे तिथे प्रत्येकाला विचारले जाई. धर्मगुरूच्या जागी सोबती आले, पण कोणासमोर तरी बोलण्याची अट सुटली नाही. या आचाराचा कणा बहुधा हाच आहे: मनातल्या मनात कबूल केलेल्या पापाला माणूस सौम्य नाव देतो, दुसऱ्यासमोर ते तितके सोपे जात नाही.

गोव्यात या आचाराने भाषेचा प्रश्न उभा केला. दुभाष्यामार्फत पाप सांगणे अवघड, म्हणून धर्मगुरूंना इथली भाषा शिकणे भाग पडले. १५७९ मध्ये आलेले जेझुइट थॉमस स्टीफन्स त्यांतले अग्रणी. राशोल येथे १६१६ मध्ये छापलेल्या त्यांच्या ख्रिस्तपुराणाने आदामाच्या पतनापासून ख्रिस्तापर्यंतची कथा ओवीत आणली.

मराठी मुलखातील सर्वांत बोलका प्रसंग केडगावचा आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जून १९०५ मध्ये जागृतीची लाट आली. मुली व स्त्रिया रडत, मोठ्याने आपली पापे कबूल करू लागल्या. काही निरीक्षकांना हा भावनेचा अतिरेक वाटला, आणि आक्षेप निव्वळ खोडसाळ नव्हता. मात्र लाट आवाराच्या आत थांबली नाही: मुलींच्या तुकड्या आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या.