जैवहायड्रोजन : घरगुती ओल्या कचऱ्यापासून

जैवहायड्रोजन : सूक्ष्मजीवांच्या क्रियेतून मिळणारा हायड्रोजन वायू. स्वयंपाकघरातील ओला कचरा, शेतातील काडीकचरा, साखर कारखान्यातील मळी यांमधील कर्बोदकांचे हवाबंद टाकीत किण्वन केले की तो तयार होतो. या क्रियेला सूर्यप्रकाश लागत नाही. सातारा व सांगली जिल्ह्यांत ओल्या कचऱ्याचे वर्गीकरण आणि बायोगॅस या दोन्ही बाबतींत भक्कम काम झालेले असल्याने या विषयाला तेथे विशेष महत्त्व आहे.

प्रक्रिया : शिळा भात, पोळ्यांचे तुकडे, बटाट्याच्या साली, नासलेली फळे यांतील पिष्टाची आधी शर्करा होते. क्लॉस्ट्रिडियम, एंटरोबॅक्टर यांसारखे जीवाणू त्या शर्करेपासून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि अ‍ॅसिटिक व ब्युटिरिक ही अम्ले तयार करतात. नेहमीच्या गोबरगॅस टाकीतही हायड्रोजन निर्माण होतो, पण मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव तो लगेच वापरून टाकतात. म्हणून हायड्रोजन हवा असेल तर या सूक्ष्मजीवांना दूर ठेवावे लागते. त्यासाठी विरजण म्हणून वापरायची स्लरी आधी तापवतात. त्या उष्णतेत मिथेनकारक सूक्ष्मजीव मरतात, तर क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू टिकून राहतात. शिवाय टाकीतील सामू साधारण ५.५ ते ६ इतका आम्लधर्मी ठेवतात आणि माल टाकीत फार काळ राहू देत नाहीत.

उत्पादन : ग्लुकोजच्या एका रेणूतून सैद्धांतिकदृष्ट्या हायड्रोजनचे १२ रेणू निघू शकतात, पण या किण्वनाची कमाल मर्यादा ४ आहे. त्या हिशेबाने १ किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त सुमारे ४४ ग्रॅम, म्हणजे जवळपास ५०० लिटर हायड्रोजन मिळेल. प्रत्यक्षात बहुधा याच्या निम्म्याच्या आसपास हाती येतो. उरलेली बरीच ऊर्जा अम्लांमध्ये राहते. त्यामुळे पहिल्या टाकीतील द्रव दुसऱ्या टाकीत सोडून त्यापासून मिथेन घेणे किफायतीच्या दृष्टीने आवश्यक ठरते. शेवटी उरलेली स्लरी शेतात खत म्हणून वापरता येते.

महाराष्ट्रातील संशोधन : पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि केपीआयटी टेक्नॉलॉजीज यांनी शेतीतील अवशेषांपासून थेट हायड्रोजन मिळवण्याचे तंत्र विकसित केल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. भात, गहू व मका यांच्या काडातील सेल्युलोज विघटित करणारा सूक्ष्मजीवांचा खास समूह त्यात वापरला असून पहिल्या टप्प्यात हायड्रोजन व दुसऱ्या टप्प्यात मिथेन मिळतो. प्रचलित पद्धतीपेक्षा हे तंत्र २५ टक्के अधिक कार्यक्षम असल्याचे संशोधकांनी सांगितले.

घरगुती कचऱ्याच्या बाबतीत पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेचे काम पायाभूत आहे. शेणाऐवजी पिष्ट व शर्करायुक्त पदार्थ वापरल्यास थोड्या मालापासून आणि थोड्या वेळात बायोगॅस मिळतो, हे संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांनी दाखवून दिले. त्यांच्या छोट्या बायोगॅस संयंत्रासाठी संस्थेला २००६ चा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. सातारा जिल्ह्यात फलटण येथेही संस्थेचे केंद्र आहे. हायड्रोजनसाठीही हीच पिष्ट व शर्करायुक्त कर्बोदके लागतात.

सातारा व सांगली : किण्वनासाठी प्लॅस्टिक, काच, घातक पदार्थ नसलेला कचरा लागतो. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने घरातच ओला-सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक केले. केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांमधून २०२० मध्ये साताऱ्यातील कराड, २०२१ मध्ये सांगलीतील विटा आणि २०२२ मध्ये पुन्हा साताऱ्यातील पाचगणी देशात पहिली आली. या यशात घरोघरी कचरा वेगळा करणाऱ्या नागरिकांचा आणि तो गोळा करणाऱ्या सफाई कामगारांचा वाटा मोठा आहे. याशिवाय ऊसपट्ट्यातील कारखान्यांची मळी व सांडपाणी, तासगाव भागातील द्राक्षांचा टाकाऊ माल हाही शर्करायुक्त कच्चा माल होऊ शकतो.

मर्यादा : टाकीतून निघणारा वायू मिश्र असतो. इंधनघटात वापरण्यापूर्वी त्यातील कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड काढावे लागतात. वजनाच्या मानाने हायड्रोजनची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे तिप्पट असली, तरी आकारमानाच्या मानाने ती मिथेनच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच आहे. त्यामुळे साठवणुकीला मोठा दाब लागतो. हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात मिसळलेला हायड्रोजन पेट घेतो आणि त्याची ज्योत उजेडात जवळपास दिसत नाही. म्हणून त्याची साठवण घरात करणे योग्य नाही.

धोरण : केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र राज्याचे हरित हायड्रोजन धोरण आले. ऑगस्ट २०२३ मध्ये ठरलेल्या मानकानुसार जैवभारापासूनचा हायड्रोजनही ‘हरित’ ठरू शकतो. अट एवढीच, की १ किलो हायड्रोजनमागे होणारे उत्सर्जन २ किलो कार्बन डायऑक्साइडच्या तुल्य किंवा त्याहून कमी असावे.

घरगुती पातळीवर आज बायोगॅसच उपयुक्त व सुरक्षित आहे. हायड्रोजनसाठी नगरपालिका किंवा साखर कारखाना यांच्या पातळीवरील दोन टाक्यांचे संयंत्र हाच व्यवहार्य मार्ग आहे. त्यात प्रत्येक घराचे काम एकच, ओला कचरा न चुकता वेगळा देण्याचे.