पडद्याआडचे राखणदार

मंडळी, संगणकात पडद्याआड राबणाऱ्या प्रोग्रॅमला 'डीमन' म्हणतात. हा सैतान नव्हे बरं का! १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या 'प्रोजेक्ट मॅक'मधल्या लोकांनी हे नाव ठेवलं, ते मॅक्सवेलच्या विचारप्रयोगात अखंड रेणू निवडत बसणाऱ्या काल्पनिक जीवावरून. आमच्या कोकणात त्याला राखणदारच म्हणाले असते.

पूर्वी टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या संगणकावर काम चाले. फोन तुटला की युनिक्स 'हँगअप'चा इशारा देई आणि प्रोग्रॅम बंद पडे. त्यावर 'नोहप' ही आज्ञा आली: मालक गेला तरी काम थांबवू नकोस.

पण प्रोग्रॅम स्वतःच कोसळला तर? त्याला उठवायचं काम पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसचं, म्हणजे 'इनिट'चं. २०१० मध्ये 'सिस्टमडी' आला आणि पुढे बहुतेक लिनक्सांवर त्यानेच ती जागा घेतली. त्याच्या फाइलीत 'रीस्टार्ट=ऑलवेज' एवढं लिहिलं की पडलेला प्रोग्रॅम पुन्हा उभा राहतो.

मात्र हा पहिलाच पडला तर सगळी यंत्रणा ठप्प! त्याला उठवणारा कोणीच नाही. मग त्याच्या खांद्यावर किती कामं लादावीत? या वादात डेबियनने २०१४ मध्ये सिस्टमडी निवडला आणि नाराजांनी 'देवुआन' नावाची वेगळी चूल मांडली. मला त्यांची काळजी रास्त वाटते. शेवटच्या राखणदाराला कामं थोडकीच असावीत.