चिवट प्रदूषकांचे विश्लेषण

माती, पाणी व प्राण्यांच्या चरबीत वर्षानुवर्षे टिकून राहणाऱ्या रसायनांचा माग काढणारी विश्लेषणात्मक रसायनशास्त्राची शाखा. काटोल (जि. नागपूर) तालुक्यासारख्या कपाशी-संत्र्याच्या मुलखाशी तिचा थेट संबंध आहे. देशाच्या कापूसपट्ट्यांत डीडीटी, बीएचसी व एंडोसल्फान ही ‘औषधे’ अनेक वर्षे फवारली गेली. शेतीतील डीडीटी १९८९ मध्ये आणि बीएचसी १९९७ मध्ये बंद झाले. एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये थांबवले. बंदीने फवारणी थांबते, जमिनीत मुरलेले उरतेच.

या कामाचे जवळचे केंद्र नागपूरची ‘नीरी’ ही पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (स्थापना १९५८, आजचे नाव १९७४ पासून). चिवट सेंद्रिय प्रदूषकांवरील स्टॉकहोम कराराचे (२००१) आशियातील एक प्रादेशिक केंद्रही तिथेच आहे. भारताने हा करार २००६ मध्ये स्वीकारला.

वाळवून चाळलेल्या मातीचा हेक्झेनसारख्या द्रावकात अर्क काढतात, तो स्वच्छ करून वायुवर्णलेखन यंत्रात सोडतात. जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ च्या सुमारास तयार केलेला इलेक्ट्रॉनग्राही शोधक क्लोरीनयुक्त रेणूंचा अत्यल्प अंशही पकडतो. म्हणूनच एक नीट न धुतलेली काचनळी अख्खा दिवस वाया घालवते, आणि प्रत्येक संचाबरोबर माती न घातलेला ‘कोरा’ नमुनाही तपासावा लागतो.

खरे कसब आकडा काढण्यापेक्षा तो वाचण्यात आहे. डीडीटीचे कालांतराने डीडीई होते; डीडीई जास्त असेल तर फवारणी जुनी, डीडीटी जास्त असेल तर ताजी. बीएचसी हे अनेक समघटकांचे मिश्रण. त्यातला गॅमा वेगळा काढला की लिंडेन. जुन्या जमिनीत बीटा सर्वांत शेवटी उरतो. संत्र्याच्या बागेत मात्र सावध राहावे लागते. पूर्वी कोळ्यांवर मारले जाणारे डायकोफॉल डीडीटीपासूनच बनत असे व त्याचा अंश सोबत आणत असे. डीडीटीच्या ऑर्थो-पॅरा समघटकाचे प्रमाण अवाजवी दिसले, तर बागायतदाराने बंदी मोडली असे म्हणण्याआधी डायकोफॉल वापरले होते का, हे विचारले पाहिजे. ही चौकशी टाळणारा रसायनज्ञ शेतकऱ्यावर अन्याय करतो.

यंत्राच्या आलेखातील अनोळखी शिखराकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. स्वीडनमध्ये डीडीटी शोधताना सोरेन येन्सेन यांना असेच शिखर सतत दिसत होते. ते पीसीबी या क्लोरीनयुक्त औद्योगिक रसायनांचे असल्याचे त्यांनी १९६६ मध्ये जाहीर केले.

या क्षेत्रात हयात घालवणाऱ्याच्या हाताखालची यंत्रे बदलतात, शोधमर्यादा खाली येत जाते. जुन्या अहवालातील ‘आढळले नाही’ या शेऱ्याचा अर्थ त्या वर्षीच्या मर्यादेपुरताच असतो. मर्यादेचा आकडा शेजारी लिहिलेला नसेल तर नव्या नोंदीशी त्याची तुलना करता येत नाही.