गुराब आणि गलबत

भिलाईच्या प्लेट मिलमध्ये रोलरांवरून सरकत येणारी लालभडक पोलादी प्लेट साडेतीन मीटरांपर्यंत रुंद असते, आणि या कारखान्याचे पोलाद ‘विक्रांत’ या २६२ मीटर लांबीच्या विमानवाहू नौकेच्या अंगी लागले आहे, हे येथे जो तो अभिमानाने सांगतो. समुद्रापासून इतक्या दूर, शिवनाथेच्या खोऱ्यात नांदणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना नौकेच्या थोरपणाचेच कौतुक वाटावे हे स्वाभाविक होय. परंतु ज्यांचा नित्य व्यवहार खाऱ्या पाण्याशी होता त्या आपल्या पूर्वजांनी नौका थोर असावी की लहान, या प्रश्नाचा निकाल निराळा लावला होता.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, १७१५ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरील ग्रंथात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा, म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांच्या लढाऊ नौका, फार थोर नकोत व फार लहानही नकोत, मध्यम असाव्या. गलबते, म्हणजे त्यांहून लहान, वल्ह्यांच्या नौका, त्याही त्याच रीतीच्या. आणि वाऱ्यावाचून जे कामास येत नाही असले अवजड जहाज बांधण्याचे प्रयोजनच नाही, असा त्यातला अभिप्राय. पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून एक सुभा, म्हणजे आरमाराची एक तुकडी, हा सरंजाम. लाकडाविषयीची ताकीद तर मला तोफांहून मोलाची वाटते: आंबा-फणसाचे लाकूड आरमाराच्या उपयोगी असले, तरी रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेल्या त्या झाडांस हात लावू नये.

या मध्यममार्गामागे भिडस्तपणा नव्हे, हिशेब होता. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने दिलेल्या मापांवरून पाहता तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची १५० टनांपर्यंत, आणि गलबत क्वचितच ७० टनांपलीकडचे. मात्र गलबतावर चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला, शिडे लोंबू लागली, आणि परकी व्यापारी जहाज पाण्यात खिळल्यासारखे उभे राहिले, की गलबते दोर लावून गुराबेला ओढीत त्याच्या पिछाडीस नेत, जेथे त्याच्या तोफांचा मारा अगदी थोडा. मग गुराबेच्या नाळेवरील नऊ किंवा बारा पौंडी तोफा बोलू लागत, आणि अखेरीस गलबतांतील माणसे तरवार घेऊन त्याच्यावर चढत. एकट्या गुराबेला हे साधले नसते, एकट्या गलबतालाही नाही. थोर की लहान, असा प्रश्न आपण एका नौकेपुरता घालतो. त्यांनी तो वीस नौकांच्या मेळाला घातला.

भर समुद्रात, वाहत्या वाऱ्यावर, इंग्रजांच्या मोठ्या युद्धनौकांपुढे मात्र हा हिशेब तोकडा पडे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज ॲडमिरल वॉटसनचे आरमार विजयदुर्गावर आले (पेशव्यांचीही त्यांना साथ होती, हे आपल्या इतिहासातले न पचणारे कलम), तेव्हा विजयदुर्गाचे धनी तुळाजी आंग्रे यांचा काफिला खुल्या समुद्रात न जाता किल्ल्याच्या आश्रयास दाटीने उभा होता. इंग्रजांचा एक पेटता गोळा त्यातल्या ‘रेस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला, आणि तेथून पसरलेल्या आगीत सारे आरमार जळाले. ते जहाज काही आंग्र्यांच्या सुतारांनी बांधलेले नव्हते. आंग्र्यांनी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडूनच पाडाव करून आणले होते.