घाशीराम कोतवाल (चित्रपट)

मराठी राजकीय उपहासपट. निर्मितीवर्ष 1976. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'युक्त' ही सहकारी संस्था काढून बँकेच्या कर्जावर तो तयार केला. के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप या चौघांची नावे दिग्दर्शनाशी निगडित आहेत.

आधार : विजय तेंडुलकरांचे याच नावाचे नाटक. जब्बार पटेल दिग्दर्शित त्याचा पहिला प्रयोग पुण्यात 16 डिसेंबर 1972 रोजी झाला. चित्रपटाची पटकथाही तेंडुलकरांचीच. पेशवाईतील कारभारी नाना फडणवीसांच्या भूमिकेत नाटकाप्रमाणेच मोहन आगाशे आहेत. घाशीरामाची भूमिका मात्र ओम पुरी यांनी केली. त्यांच्या सुरुवातीच्या चित्रपटांपैकी हा एक.

आशय : पुण्यात अपमानित झालेला कनोजी ब्राह्मण घाशीराम आपली मुलगी नानांच्या हवाली करतो आणि बदल्यात कोतवाली मिळवतो. सूडापोटी तो शहर छळतो. लोक खवळताच नाना त्याला त्यांच्या तोंडी देऊन नामानिराळे राहतात. खरा घाशीराम 1791 मध्ये पुण्यात जमावाच्या हातून मारला गेला. पण रोख पेशवाईवर नाही. सत्ता सोयीसाठी गुंड पोसते आणि सोयीनेच त्याचा बळी देते, हे सूत्र आणीबाणीच्या वर्षात पडद्यावर आल्यामुळे अधिक बोचरे झाले.

दुर्मिळता : त्याच काळातील 'किस्सा कुर्सी का' या हिंदी उपहासपटाच्या प्रती नष्ट करण्यात आल्या आणि तो 1978 मध्ये नव्याने काढावा लागला. प्रती नष्ट केल्याबद्दल चाललेल्या खटल्यामुळे त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. 'घाशीराम' मात्र नेहमीच्या चित्रपटगृहांत फारसा पोहोचलाच नाही. बर्लिनच्या 'आर्सेनाल' संस्थेच्या संग्रहात त्याची प्रत टिकली. तिच्यावरून डिजिटल रूप सिद्ध झाले आणि 2014 मध्ये बर्लिन महोत्सवाच्या 'फोरम' विभागात ते दाखवले गेले.

संग्रहमूल्य : ओम पुरींची सुरुवातीची भूमिका आणि पुढे समांतर सिनेमात नावारूपाला आलेल्या दिग्दर्शकांचे एकत्रित काम, या दोन कारणांनी संग्राहक या चित्रपटाच्या शोधात असतात. नाटक फार गाजल्याने त्याची छायाचित्रे आणि पत्रके चित्रपटाची म्हणून खपण्याचा संभव असतो. पारखण्याची सोपी खूण घाशीरामाच्या भूमिकेत आहे : रंगमंचावर रमेश टिळेकर, पडद्यावर ओम पुरी. मूळ पोस्टर किंवा पुस्तिका हाती लागल्यास पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला (स्थापना 1964) तिची माहिती द्यावी. खाजगी कपाटापेक्षा अभ्यासकांना तिचा उपयोग अधिक आहे.