हरळीची हिरवळ

अक्कलकुव्याकडे नवे घर बांधणारे हल्ली विचारतात, ‘अंगणात लॉन करायचे आहे, पण घालायला पाणी नाही. कोणते गवत लावू?’ सातपुड्याच्या पायथ्याशी हा प्रश्न नवाच आहे. आपले अंगण शेणाने सारवलेले असे आणि त्यात गवत उगवले तर ते उपटले जाई. घरापुढे गवत मुद्दाम वाढवायची हौस इंग्रजांनी आणली.

त्यांच्या देशात पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो, त्यामुळे हिरवळ राखणे सोपे. १८३० साली एडविन बडिंग यांनी गवत कापण्याचे यंत्र काढले आणि सरदारांच्या बागेतली हिरवळ पुढे साध्या घरांच्या दारात आली. मात्र तिकडचे थंडीला सरावलेले गवत आपल्या उन्हाळ्यात टिकेना. मग साहेबाने इथलेच गवत धरले. हिंदी-उर्दूत ती दूब, गणपतीला वाहतात ती दूर्वा आणि आपल्या शेतकऱ्याची हरळी!

हीच हरळी अमेरिकेत ‘बर्म्युडा ग्रास’ झाली. वास्तविक ती मूळची बर्म्युडा बेटाची नव्हेच. जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी ग्लेन बर्टन यांनी आफ्रिकेतल्या तिच्या एका बहिणीशी तिचा संकर केला. अशाच संकरातला १९६० सालचा ‘टिफवे’ हा वाण आज अनेक देशांतल्या मैदानांवर दिसतो.

खानदेशातला शेतकरी मात्र नांगरामागे वाकून हिच्या काशा वेचतो, कारण एक तुकडा राहिला तरी ती पुन्हा फुटते. शेतात नको असलेला हा चिवटपणाच अंगणात कामाचा. ओल संपली की पाने वाळतात, पण मातीखालच्या काशा जिवंत राहतात आणि पहिल्या पावसात पुन्हा कोंब येतात.

तेव्हा मृगाचा पाऊस झाला की बांधावरच्या काशा आणून अंगणात दाबाव्यात. जागा उन्हाची हवी, निंबाच्या दाट सावलीत हरळी धरत नाही. फार खालून कापू नये आणि शेजारच्या वाफ्यात शिरू देऊ नये.

एवढे केल्यावरही उन्हाळ्यात अंगण पिवळे पडेल, ते पडू द्यावे. याच तालुक्यातल्या पाड्यांवर त्या दिवसांत बायाबापड्या हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरतात. त्यांच्या डोळ्यांदेखत गवतावर पाणी ओतायला माणसाचा हात धजावू नये.